शिक्षकांसाठी बनवलेल्या छोट्या सॉफ्टवेअरची रास्त किंमत किती ठेवावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गुण भरले की वर्गाचा तक्ता आणि प्रत्येक मुलाचा शेरा तयार करून देणारं साधन तुम्ही एकट्याने बनवलंय. दोनेकशे शिक्षक ते फुकट वापरतात. आता पैसे लावायचे तर किती, आणि शिक्षकांकडून पैसे घेणं बरं दिसतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बरं दिसतं. मी प्रश्नपत्रिका जुळवून देणारं असंच एक साधन सहा वर्षं चालवतोय, त्यातली पहिली दोन वर्षं फुकट. एका परीक्षेच्या आदल्या रात्री ते बंद पडलं. मला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, नोकरीवरच्या जेवणाच्या सुट्टीत. कुणीही तक्रार केली नव्हती. फुकटच्या गोष्टीबद्दल कोण भांडणार? लोक गुपचूप सोडून गेले. मोठ्यांचंही वेगळं नसतं. २००८ साली सुरू झालेलं एडमोडो हे वर्गाचं ऑनलाइन व्यासपीठ असंख्य शिक्षक फुकट वापरत होते, पण २२ सप्टेंबर २०२२ ला ते बंद झालं. ज्यांनी वर्षानुवर्षांचं साहित्य तिथे साठवलं होतं, त्यांना ते आधी उतरवून घ्यावं लागलं. पैसे घेतले की निदान फोन उचलायची जबाबदारी येते.

आता किती. सॉफ्टवेअर लिहायला किती महिने लागले हे हिशोबातून काढून टाका. ते कष्ट कुणीही भरून देणार नाही. पुढचं एक वर्ष ते नीट चालू ठेवायला काय लागेल तेवढं मांडा. सर्व्हर, डोमेन, बॅकअप हे किरकोळ निघतं. खरा खर्च असतो उत्तरं देण्याचा. ‘पासवर्ड चालत नाही’, ‘दशांश गुण घेत नाही’, ‘एका मुलाने तुकडी बदलली, आता काय करू’ असे प्रश्न वर्षभर थोडे आणि सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ढिगाने येतात. ते तास मोजा आणि नोकरीत तासाला जे मिळतं त्या दराने धरा. ही बेरीज भागायची ती पैसे भरतील अशा माणसांच्या संख्येने. दोनशेने भागलंत तर फसाल. माझ्याकडे शंभर फुकट वापरणाऱ्यांमागे चार-पाच जणांनीच पैसे भरले.

या भागाकारातून येणारा आकडा बघून तुम्हाला धक्का बसेल, मलाही बसला होता. तेव्हा दुसऱ्या टोकाने या. पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये चार प्रश्न मांडले: कोणत्या किमतीला ही वस्तू इतकी स्वस्त वाटेल की दर्जाबद्दलच शंका येईल, कोणत्या किमतीला फायद्याचा सौदा वाटेल, कुठे महाग वाटू लागेल पण तरी विचार कराल, आणि कुठे नादच सोडाल. वीस-पंचवीस शिक्षकांना हे विचारा. पण लोक तोंडाने बोलतात एक आणि पाकिटातून काढतात दुसरं, म्हणून मी पाचवा प्रश्न जोडतो: शाळेच्या कामासाठी शेवटची पदरमोड कधी केलीत, आणि कशासाठी? मला सगळ्यात खरं उत्तर याच प्रश्नाला मिळालं. शिक्षक पदरमोड करतात, भरपूर करतात, पण किरकोळ वाटेल अशा रकमेचीच. त्याच्या वर गेलं की ‘शाळेला विचारून सांगते’, आणि मग ते कधीच होत नाही.

म्हणून किमती दोन ठेवा. एकट्या शिक्षकाची अशी, की तिला घरी कुणाला विचारावं लागू नये. आणि संपूर्ण शाळेची वेगळी, माझ्याकडे ती एकट्याच्या साधारण आठपट आहे. शाळेला कोटेशन लागतं, पावती लागते, मुलांची माहिती कुठे साठवता याची तीन पानं भरून द्यावी लागतात आणि पैसे दोन महिन्यांनी येतात. त्या कटकटीची किंमत लावताना लाजू नका. एका शाळेत एका बाईंनी घेतलेलं खातं अख्खी स्टाफरूम वापरत होती, एकाच पासवर्डवर. आधी मी चिडलो. मग लक्षात आलं की ही चोरी वगैरे काही नाही, त्यांना शाळेचा दर हवा होता आणि मी तो ठेवलाच नव्हता. पत्र लिहिल्यावर आठवड्यात त्यांनी तो घेतला.

दरमहा पैसे घेऊ नका. एक तर शिक्षक शैक्षणिक वर्षाच्या हिशोबात जगतात. सुट्टीतल्या महिन्याचे पैसे कापले गेले की चीड येते. दुसरं, पैसे गोळा करणाऱ्या कंपन्या. स्ट्राइपचा अमेरिकेतला कार्डाचा नेहमीचा दर २.९ टक्के अधिक प्रत्येक व्यवहाराला ३० सेंट असा आहे. दरमहा एक डॉलर घेतलात तर वर्षाच्या बारा डॉलरांतले जवळपास चार तिथेच जातात. बारा एकदम घेतलेत तर पासष्ट सेंट.

रास्तपणा फक्त आकड्यात नसतो. वर्गणी संपली तरी शिक्षिकेला आपला जुना डेटा बघता आणि उतरवून घेता आला पाहिजे. मुलांचे गुण ओलीस ठेवून पैसे मागणं मला पटत नाही. प्रोग्रामरांसाठी साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीने २०१५ मध्ये वार्षिक वर्गणी आणली तेव्हा प्रोग्रामर भडकले होते. शेवटी कंपनीने वर्षभर पैसे भरणाऱ्याला एक आवृत्ती कायमची वापरू द्यायचं ठरवलं. तुमच्या साधनात जुन्या वर्गांचे तक्ते कायम उघडे ठेवलेत तरी तेवढंच होईल. जाहिरातींचा विचार करत असाल तर सोडा, त्या पडद्यावर मुलांची नावं असतात.

राहता राहिले तुमचे दोनशे जण. सत्राच्या मध्ये काहीही बदलू नका. चालू वर्ष फुकट पूर्ण करू द्या आणि नव्या वर्षाच्या निदान तीन महिने आधी कळवा. मी जुन्यांना कायमचा अर्धा दर दिला. पत्रात कारणं फार सांगत बसू नका. आकडा, तारीख आणि डेटा कसा उतरवायचा, एवढं पुरे. माझं पहिलं पत्र दीड पानाचं माफीनामा होतं. त्याला आलेल्या उत्तरांत एका सरांनी फक्त एवढंच विचारलं होतं: ‘पैसे कुठे भरायचे ते लिहायचं राहिलंय.’