जर्मनीत लेखन, गाणं आणि संशोधन एकत्र करायचं असेल तर

संगीतात एम.ए. झालंय, तालीम चालू आहे, मैफलींची परीक्षणं छापून येतात. आता जर्मनीत येऊन पत्रकारिता, गाणं आणि संशोधन तिन्ही स्वतंत्रपणे करता येईल का, की एकच धरावं, असं तुम्ही विचारलंय. मी बर्लिनमध्ये अकरा वर्षं हेच करते आहे. काहीही सोडू नका. फक्त तिन्हींचे पैसे वेगवेगळ्या वेगाने येतात आणि इथे राहायचा परवाना टिकतो तो हातात नियमित येणाऱ्या पैशावर, हे आधीच ध्यानात घ्या.

गाण्याच्या शिकवण्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात. लेखाचं मानधन छापून आल्यावर, कधी दोन महिन्यांनी. शोधनिबंधाचे पैसे मिळतच नाहीत. विद्यापीठात तासांवर शिकवायचं काम, इथला लेअरआउफ्ट्राग, ऐकायला भारदस्त वाटतं, पण ती नोकरी नव्हे. माझं पहिलं असं मानधन सत्र संपल्यावर एकरकमी आलं. तोवर घरभाडं शिकवण्यांवर निघालं.

परवान्याचा आधार म्हणजे निवास कायद्याच्या कलम 21 चं पोटकलम 5. पत्रकार, कलाकार, शिक्षक हे ‘फ्रायबेरुफ्लर’ म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक गणले जातात, म्हणून त्यांना व्यवसाय कर भरावा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊनच यायचं. अर्जासोबत तुम्हाला काम देणाऱ्या इथल्या दोन-तीन जणांची पत्रं लागतात आणि त्यांत काम कोणतं, किती, मोबदला किती, हे स्पष्ट हवं. ‘यांच्यासोबत काम करायला आवडेल’ एवढंच लिहिलेलं पत्र अगदी लंगडं पडतं. वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाच्या तरतुदीचा पुरावाही मागतात. आणि विद्यार्थी म्हणून आलात तर स्वतंत्र काम करायला वेगळी परवानगी काढावी लागते. ती नसताना एकही बिल पाठवू नका. पुढच्या मुदतवाढीला ते नडतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: क्युन्स्टलरसोत्सियालकासे, म्हणजे कलाकारांचा सामाजिक विमा निधी. सगळे तिला के-एस-का म्हणतात. 1983 पासून चालू असलेल्या या व्यवस्थेत कलाकार आणि लेखक आरोग्यविमा, शुश्रूषा विमा आणि पेन्शनची निम्मीच वर्गणी भरतात. उरलेली निम्मी सरकार आणि कलाकारांकडून काम घेणाऱ्या संस्था मिळून देतात. वर्षाचं निव्वळ उत्पन्न 3,900 युरोच्या वर असावं लागतं, पण पहिली तीन वर्षं नवख्यांना ही अट नाही. गाणं शिकवणंही यात धरतात. विमा लागू होतो तो तुम्ही नोंदणीसाठी कळवलं त्या दिवसापासून, त्यामुळे काम सुरू झालं की लगेच कळवा. मी सगळी कागदपत्रं जुळवत आठ महिने घालवले आणि तेवढे महिने पूर्ण हप्ता भरत राहिले. त्याची हळहळ अजून वाटते.

करखात्याचा फॉर्म भरताना उलाढाल वर्षाला 25,000 युरोच्या आत राहणार असेल तर लघुउद्योजकाची सवलत घ्या. बिलावर मूल्यवर्धित कर लावायची कटकट वाचते.

तिन्ही कामं एकत्र का करायची, ते मला इथल्या फोनोग्राम संग्रहात उमगलं. 1900 साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्प्फ यांनी तो सुरू केला. मेणाच्या नळकांड्यांवरची ध्वनिमुद्रणं, प्रत्येक जेमतेम दोन-तीन मिनिटांचं. प्रत ऐकताना आधी खरखर, मग एका शिट्टीचा लांब स्वर. तो मुद्दाम फुंकलेला असतो, म्हणजे नळकांडं मुळात कोणत्या वेगाने फिरत होतं ते नंतर ठरवता येतं. तो स्वर जागेवर आणला तेव्हा गायकाचा षड्ज कुठला होता ते कळलं. मी कागदावर नुसतं ‘सा’ लिहिलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. त्या एका दुपारीतून वर्तमानपत्रासाठी लेख झाला, सप्रयोग व्याख्यान झालं आणि माझ्या प्रबंधाचं एक प्रकरणही. गाणारा कान नसता तर ती शिट्टी मला नुसता आवाज वाटली असती.

पण एक पथ्य पाळा. ज्यांच्यासोबत गाता, ज्यांच्याकडून कार्यक्रम मिळतात, त्यांच्यावर परीक्षण लिहू नका. इथलं आपल्या संगीताचं वर्तुळ फार लहान आहे, त्यामुळे नाही म्हणायची वेळ वारंवार येते. मी संपादकाला आधीच सांगते, मग मुलाखत किंवा वाद्याविषयीचा लेख देते. तिथे संबंध उघड करता येतो, परीक्षणात तो वाचकाला फसवतो.

जर्मन शिका, निदान बी-2 या मधल्या पातळीपर्यंत. शोधनिबंध इंग्रजीत चालतो, संपादकाला मजकूर जर्मनमध्येच हवा असतो.

रियाजाबद्दल विचारलंत. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. दिवसा वाजवण्या-गाण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. 2018 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने कामाच्या दिवशी दोन-तीन तास हा ढोबळ दंडक सांगितला आहे. तरीही सही करण्याआधी भाडेकरारातलं वाद्यांविषयीचं कलम वाचा आणि घर पाहायला जाल तेव्हा भिंतीवर बोटाने टकटक करून पाहा.