चांगल्या हाताला प्लास्टर, आणि पाळणाघरातल्या काकू

"प्लास्टर निघेपर्यंत तिला घरीच ठेवा, असं काकू म्हणतात. तीन आठवड्यांची रजा मला कोण देणार? थेरपीच रद्द करू का?" गिरगावातली एक आई हा प्रश्न घेऊन आली होती.

लेक साडेतीन वर्षांची. जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, त्यामुळे उजवा हात-पाय कमजोर. सगळं डाव्या हाताने चालायचं, जेवणसुद्धा, आणि त्यावरून आजी रागवायची. (बाळ वर्षाच्या आतच एकाच हाताने सगळं करू लागलं, तर ती 'डावरेपणाची सवय' समजू नये, डॉक्टरांना दाखवावं. इथे ते उशिरा लक्षात आलं.)

थेरपी अशी की चांगला हात काही दिवस अडकवून ठेवायचा, म्हणजे मागे पडलेला हात कामाला लागतो. अमेरिकेतले एडवर्ड टॉब यांनी ही पद्धत आधी पक्षाघात झालेल्या मोठ्या माणसांसाठी बसवली, मुलांकडे ती नंतर आली. मुलांसाठीचा एक प्रचलित कार्यक्रम 21 दिवसांचा आहे. त्यात रोज सहा तासांपर्यंत सराव असतो आणि शेवटचे काही दिवस प्लास्टर काढून दोन्ही हातांचं काम. हिला फायबरचं हलकं प्लास्टर दंडापासून बोटांपर्यंत, कोपर काटकोनात. ते उभं चिरून दोन भाग केलेले, वरून पट्ट्या, म्हणजे थेरपिस्टला ते उघडून कातडी तपासता येते. पट्ट्या पाळणाघरात सोडायच्या नाहीत.

आईने काकूंना अर्धा तास सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेने आलेला हा कमजोरपणा, समजावली होती. त्यातून काकूंना एवढंच कळलं, की जबाबदारी भारी आहे. त्यांना हवी होती वेगळी माहिती: डबा कोण उघडणार, शू लागली तर काय, पडली तर काय. आजार समजावण्यापेक्षा दिवस समजावून द्यावा. आईने नऊ ते सहाचं एक पान लिहिलं, तासातासाला कोणी काय करायचं आणि काय करायचं नाही. खाली थेरपिस्टचा आणि बाबांचा नंबर.

मग एक छोटा प्रयोग. काकूंच्या उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलं आणि डब्यातला उपमा डाव्या हाताने खायला सांगितलं. झाकण निघेना. मदतनीस मावशी लगेच पुढे सरसावल्या, तशा काकू म्हणाल्या, "थांब गं, जमेल मला." पानावरची सगळ्यात अवघड सूचना त्यांना इथे कळली. पाळणाघरात ही थेरपी फसते ती बहुतेक वेळा मायेपोटी. पोर धडपडतंय म्हणून मावशी घास भरवतात आणि सरावाचा अर्धा तास गेला. ठरलं असं की मनात वीसपर्यंत मोजायचं, मग फक्त कमजोर हाताच्या कोपराला आधार द्यायचा, घास तिचा तिलाच घेऊ द्यायचा. दमली, रडली, तर शेवटचे चार घास खुशाल भरवा. उपाशी पोर सराव करत नाही.

डबाही बदलला. पहिला आठवडा इडलीचे तुकडे, ढोकळा, पोळीचा रोल, वरण-भात नंतर. चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळला. वाटी सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. चड्डी इलास्टिकची, बटण-नाडी नाही. आणि शू सांगायला शिकलेलं मूलसुद्धा या दिवसांत ओलं करतं, म्हणून तीन जोड जास्तीचे.

खरा धोका पडण्याचा. आपण पडताना हात पुढे टाकतो. हिचा चांगला हात कोपरात वाकवून बंद, कमजोर हात वेळेवर पुढे येत नाही, म्हणजे मार थेट हनुवटीवर, दातांवर. चाळीच्या लाकडी जिन्यावरून उतरताना मोठ्या माणसाने एक पायरी खाली राहून काखेपाशी धरायचं, कमजोर हाताला ओढायचं नाही. फरशी पुसली की ती वाळेपर्यंत हिला बसवून ठेवायचं. घसरगुंडी बंद. फिटा येत असतील, तर तेही काकूंना आधीच सांगावं, लपवू नये.

प्लास्टर टणक असतं, रागात फिरलेला हात शेजाऱ्याला लागतो. बसकरावर प्लास्टरची बाजू भिंतीकडे ठेवली की निम्मी भांडणं मिटतात. बाकीच्या मुलांसाठी बाहुलीच्या हाताला बँडेज बांधलं आणि "हा हात सुट्टीवर, तो हात शिकतोय" एवढंच सांगितलं. 'आळशी हात' हा शब्द मात्र कुणी वापरायचा नाही.

जुलै महिना. फायबर पावसाने विरघळत नाही, पण आतला कापूस भिजला तर लवकर सुकत नाही आणि कातडी सोलवटते. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी पावसापुरतीच, दिवसभर ठेवली तर घामाने तेच होतं. खाज सुटली तर आत फूटपट्टी किंवा पेन घालायचं नाही, पावडरही नाही. ड्रायरची थंड हवा चालते. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर बोटांची टोकं बघायची. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, थंड किंवा सुजलेली दिसली, रडणं थांबेना, आतून वास आला, तर संध्याकाळची वाट न बघता लगेच फोन.

पहिले दोन-तीन दिवस चिडचिड आणि रात्रीची झोपमोड ठरलेली. म्हणून प्लास्टर गुरुवारी घातलं आणि पाळणाघर सोमवारी सुरू झालं, तेही सकाळची थेरपी आटोपून अर्धा दिवस. आईला रजा दोनच दिवस लागली. जिथे काकू एकट्या दहा मुलं सांभाळतात, तिथे प्लास्टरचा आग्रह आम्ही धरत नाही. घरी रोज दोन तास हातमोजा घालून सराव, हा पर्याय थेरपिस्टला विचारावा.

प्लास्टर निघालं की कातडी कोरडी दिसते, सुटलेला हातही एक-दोन दिवस आखडलेला असतो. त्या आठवड्याच्या डब्यात न सोललेलं केळं आणि घट्ट झाकणाची छोटी डबी द्यावी. दोन्ही हात लावल्याशिवाय ती उघडत नाही.