एलएमएनए जीनमधला दोष स्नायूंचा, मग तपासणी हृदयाची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९ वर्षांच्या भावाची कोपरं पूर्ण सरळ होत नाहीत, लहानपणापासून तो चवड्यांवर चालतो, जीन तपासणीत एलएमएनएमध्ये बदल निघाला आणि न्यूरॉलॉजिस्टनी कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलं. त्याला ना धाप लागते, ना छातीत दुखतं. वर गुगल केलं तर हाच जीन प्रोजेरियाचा, म्हणजे लहान मुलांना अकाली म्हातारपण आणणाऱ्या दुर्मिळ आजाराचा, म्हणून समोर येतो. मी डॉक्टर नाही, पेशीविज्ञान शिकवते, त्यामुळे ‘का’ तेवढं सांगू शकते. पण ती अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका, हे आधीच सांगून ठेवते.

प्रोजेरियाची धास्ती सोडा. त्याची लक्षणं पहिल्या दोनेक वर्षांतच दिसायला लागतात, १९व्या वर्षी अचानक उगवत नाहीत. जीन एकच असला तरी त्यातली चूक वेगळ्या जागी असते. प्रोजेरियात बहुतेकदा १८२४व्या जागचं एकच अक्षर बदलतं. गंमत म्हणजे त्या बदलाने अमिनो आम्ल तेच राहतं, पण जीनवरून उतरवलेल्या आरएनएची, म्हणजे प्रथिन बनवायच्या नकलेची, कापाकापी भलत्या ठिकाणी होते आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळतात. हे २००३ साली उलगडलं. तुमच्या भावाची लक्षणं एमरी-ड्रायफस नावाच्या स्नायूविकाराशी जुळतात, आणि त्यात एलएमएनएचा हात असल्याचं १९९९ मध्येच कळलं होतं.

आता मूळ मुद्दा. शाळेत कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकून बघितलेलं केंद्रक आपल्या डोक्यात एक ठिपका म्हणून राहतं, आणि त्याचं आवरण म्हणजे नुसती डीएनए ठेवायची पिशवी. तसं नाही. वाळलेल्या नारळात गोटा सुटून खुळखुळतो, तसं केंद्रक पेशीत सुटं नसतं. त्याच्या आवरणाला आतून लॅमिन प्रथिनांची घट्ट जाळी असते. एलएमएनए जीन त्यातली लॅमिन-ए आणि लॅमिन-सी बनवतो. या जाळीला सन नावाची प्रथिनं धरतात. ती आवरणाच्या आतल्या पापुद्र्यात असतात. बाहेरच्या पापुद्र्यातली नेस्प्रिन प्रथिनं त्यांचा हात धरतात आणि दुसऱ्या टोकाने पेशीच्या सांगाड्याला, म्हणजे ॲक्टिनच्या तंतूंना आणि सूक्ष्मनलिकांना, जोडलेली असतात. म्हणजे स्नायूची पेशी आकसली की तो ताण थेट केंद्रकापर्यंत पोचतो.

म्हणूनच मेंदूसारख्या मऊ ऊतींच्या पेशींत लॅमिन-ए कमी असतं आणि स्नायू, हाडं अशा ताण सोसणाऱ्या ठिकाणी भरपूर. हृदय दिवसाला लाखभर वेळा आकसतं. जाळी कमकुवत असेल तर पहिला फटका कुठे बसणार, ते उघड आहे. लॅमिनला चमकणारा रंग देऊन निरोगी पेशी पाहिल्या तर केंद्रकाची कडा गुळगुळीत, लंबगोल दिसते. लॅमिनमध्ये दोष असलेल्या पेशींत बऱ्याचदा कडेला फुगे आलेले असतात, एखाद्या टोकाला जाळी विरलेली असते आणि तिथून डीएनए बाहेर डोकावत असतो.

निव्वळ यांत्रिक बिघाड एवढीच ही गोष्ट नाही. हीच जाळी डीएनएचे बंद ठेवायचे भाग कडेला धरून ठेवते. ती ढिली पडली की नको ते जीन चालू होतात. पण ओढाताणीचा वाटा मोठा आहे, याचा मला सगळ्यात पटणारा पुरावा उंदरांमधला. लॅमिन-ए नसलेले उंदीर लवकर मरतात. २०१२ मध्ये संशोधकांनी अशा उंदरांतलं सन१ प्रथिनही, म्हणजे केंद्रकाला सांगाड्याशी जोडणारा एक दुवाच, काढून टाकलं, आणि उंदीर आणखी बिघडण्याऐवजी जास्त जगले! हे उपचार म्हणून अजून कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. कोणी विकत असेल तर लांब राहा.

भावाच्या बाबतीत यातून निघतं ते असं. या विकारात हातापायांची कमजोरी सौम्य असूनही हृदयातलं विजेचं वहन बिघडलेलं असू शकतं, आणि बऱ्याच जणांत ते विशी-तिशीत लक्षात येतं. ठोके मंदावतात, अनियमित होतात, कधी कधी पहिलं लक्षणच चक्कर किंवा त्याहून वाईट असतं. त्यामुळे ‘त्रास नाही’ याला इथे फार अर्थ नाही. ईसीजी, इको आणि २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), तेही एकदाच नाही, ठरावीक काळाने पुन्हा. पुढे यंत्र बसवायची वेळ आली तर साधा पेसमेकर पुरेल की शॉक देऊ शकणारं आयसीडी लागेल, हे मुद्दाम विचारा. एलएमएनएच्या रुग्णांत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

रिपोर्ट पुन्हा उघडून त्या बदलापुढे ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) लिहिलंय की ‘व्हीयूएस’, ते पाहा. व्हीयूएस म्हणजे त्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही. मग जेनेटिक काउन्सेलरशी बोलल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. पॅथोजेनिक असेल तर आईवडिलांची आणि तुमचीही तपासणी व्हायला हवी. यात बहुतेकदा जीनची एक बिघडलेली प्रत पुरते, ती पालकांपैकी एकाकडून आली असेल तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. कधी ती भावातच नव्याने उद्भवलेली असते, मग पालकांच्या तपासणीत काहीच निघत नाही. आणि कुठल्याही ऑपरेशनसाठी भूल द्यायची असेल, तर हा रिपोर्ट भूलतज्ज्ञांना आधी दाखवा.