तो ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आधी बाजूला ठेवा

तुमची पोस्ट वाचत होतो आणि तिसऱ्या ओळीला थांबलो. सोसायटीच्या गरब्यासाठी कॉर्ग कंपनीचे दोन छोटे डबे, ताल वाजवणारा व्होल्का बीट्स आणि सूर वाजवणारा सिंथ व्होल्का कीज, घ्यायचं चाललंय, १६ स्टेप (म्हणजे ठोके-सूर भरायचे कप्पे) पुरतील का, मंडपात आवाज पोचेल का, हे सगळं ठीक. पण मध्येच सहज लिहून गेलात, "पॉवरचा प्रश्न नाही, घरात जुन्या कॅसिओचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडलाय." अहो, प्रश्न तोच आहे. बाकीचं नंतर बोलू.

मी नेमकं हेच केलं होतं. नवरात्राला चार दिवस राहिले होते. कॅसिओची पिन जाड, व्होल्काचं भोक बारीक, म्हणून आमच्या भागातल्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने वायर कापली, डब्यातून बारीक पिन शोधली, डाग दिला आणि मीटर लावून दाखवला. नऊ पूर्णांक काहीतरी. त्या आकड्याच्या आधी एक छोटी आडवी रेघ होती. मायनस. मी पाहिली, त्यानेही पाहिली. "चालसे," तो म्हणाला. मलाही वाटलं, मीटरच्या वायरी उलट्या लागल्या असतील. त्या उलट्या नव्हत्या, पिनच उलटी होती.

घरी येऊन कीजला लावला. दिवा नाही. बटण पुन्हा दाबून धरलं, तरी नाही. मग तो वास आला. एकदा घेतला की जन्मात विसरत नाही.

झालं होतं इतकंच, की कॅसिओच्या त्या जुन्या अ‍ॅडॉप्टरला पिनच्या आत मायनस आणि बाहेर प्लस. व्होल्काला बरोबर उलटं लागतं, आत प्लस. गिटारच्या पेडलचे अ‍ॅडॉप्टरही बहुतेक आत मायनसवालेच असतात, तेव्हा कुणा गिटारवाल्या मित्राकडून आणायचा विचार असेल तर तोही सोडा. ९ हा आकडा जुळतो, तिथेच आपण फसतो. चूक माझीच, रिपेअरवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मी त्याला पिन बदलायला सांगितलं, त्याने बदलली.

खरा मनस्ताप पुढे झाला. एका सर्व्हिस सेंटरला कुरियरने पाठवला. नाव घेत नाही, शहरही सांगत नाही. पहिल्या फोनला "जॉब शीट बनली आहे", दुसऱ्याला "पार्ट ऑर्डर केलाय", तिसऱ्याला "कुठला मॉडेल म्हणालात?" प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी सगळी कथा पहिल्यापासून. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. उत्तरायणच्या आसपास खोकं परत आलं. तपासणीचे पैसे घेतलेले, चिठ्ठीवर "बोर्ड उपलब्ध नाही", आणि मागच्या झाकणाचे दोन स्क्रू गायब. तो कीज अजून कपाटावर आहे. वापरतो तो दुसरा, कुणाकडून तरी जुना घेतलेला.

माझं आता एकच धोरण आहे: सेल. ६ पेन्सिल सेल लागतात आणि अल्कलाइनवर कंपनी सुमारे १० तास सांगते. आपला गरबा काही १० तास चालत नाही. चार्जिंगचे सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलून घ्या, नाहीतर बॅटरीचा अंदाज चुकीचा दाखवतं. अ‍ॅडॉप्टर हवाच असेल तर कंपनीचा केए-३५० घ्या. महाग वाटेल. माझ्या कपाटाकडे बघून सांगतो, नाहीये. (मी इंजिनियर नाही, बँकेत नोकरी करतो. हे सगळं हौसेतून आणि नुकसानीतून शिकलोय, तेव्हा जाणकारांनी चुकलं तर सांगावं.)

आता तुमचा मूळ प्रश्न. ही व्होल्का मालिका २०१३ ची, बीट्स, बास (खालच्या सुरांचा डबा) आणि कीज तिघं एकदम आले. ताल टाकण्याच्या दृष्टीने १६ स्टेप कमी नाहीत, पण हिशोब आपल्या मात्रांचा करावा लागतो. कहरवा ८ मात्रांचा, मात्रेला २ स्टेप धरल्या तर १६ चपखल बसतात. गरब्याची हींच ६ मात्रांची, म्हणजे १२ स्टेप. अ‍ॅक्टिव्ह स्टेप या सोयीत (कुठल्या स्टेप वाजायच्या ते इथे ठरतं) जाऊन शेवटच्या ४ बंद करायच्या की झालं. रूपक १४ मध्ये बसतो. झपताल मात्र मात्रेला दोनच्या हिशोबाने २० मागतो, तो बसत नाही. मात्रेला एकच स्टेप दिली तर बसतो, पण मग वाजवायला उरतं काय? तुम्हाला गरब्यात झपताल लागणार नाही म्हणा, पण पुढे गणपतीत अभंगांच्या साथीला बसाल तेव्हा आठवेल.

एक गंमत. बीट्सवर १२ ठेवल्या आणि कीजवर १६ तशाच राहिल्या, तर दोघं ४८ स्टेपनंतर एकदा भेटतात. पहिल्या वर्षी मला वाटलं सिंकची केबल, म्हणजे दोन्ही डबे एका लयीत ठेवणारी, खराब आहे. दोन केबली आणल्या. आमची आत्या, जी आयुष्यात सिंथच्या वाटेला गेली नाही, ती म्हणाली, "अरे, तुझा सम हरवतोय." तिचंच बरोबर होतं.

या डब्याची खरी ताकद म्हणाल तर हात. गरबा संथ सुरू होतो आणि शेवटी पळतो. टेम्पोचं बटण हळूहळू फिरवत नेता येतं, नाचणाऱ्यांच्या पायाकडे बघत. कुणीतरी तुम्हाला फोनवरचं अ‍ॅप सुचवलंय. अ‍ॅपमध्ये सोयी जास्त आहेत, वाद नाही. पण माझ्या ओळखीत एकाच्या आरतीत मध्येच कर्जाचा फोन वाजला होता, स्पीकरवर. पॉकेट ऑपरेटर हा खिशात मावणारा दुसरा वाद्य-डबा स्वस्त आणि मजेदार आहे, पण त्याचा सर्किट बोर्ड उघडाच असतो. मंडपात पोरं आणि प्रसादाचे हात फिरत असताना मी तो ठेवणार नाही.

कीजमध्ये तीन आवाज एकदम धरता येतात. त्यातला फिफ्थचा (सुरासोबत त्याचा पंचम वाजवणारा) पर्याय सा-प लावून ठेवायला बरा. तानपुरा समजू नका, तानपुऱ्याचा दूरचा मेहुणा समजा. फ्लक्स नावाची सोय चालू केली तर तुम्ही जसं वाजवलं तसं राहतं, चौकटीत ओढलं जात नाही. बीट्समध्ये ही सोय नाही. वर प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा ठेवता येत नाही, त्यामुळे खाली-भरी कळत नाही आणि ठेका जरा लाकडी वाटतो. त्यातला स्नेअर ड्रमचा आवाजही मरतुकडा. मी समेवर खालच्या आवाजाचा टॉम ड्रम जोडून देतो आणि वरून एका मुलाला खरा ढोल देतो. ढोल आला की कुणाला काही कळत नाही. खरं सांगायचं तर निम्मा आवाज ढोलाचाच असतो.

आता ज्याने मला मंडपात घाम फुटला ते. ८ पॅटर्न, म्हणजे भरून ठेवलेल्या चाली, सेव्ह होतात म्हणून खूश होऊन घरी आठही भरले. पिशवीत टाकून मंडपात नेलं, पहिला पॅटर्न लावला तर आवाज भलताच. सूर तेच, पण घशात मासा अडकल्यासारखे. मेमरीत सूर-ताल राहतात, बटणं कुठल्या कोनात होती ते राहत नाही. पिशवीत घासून ती फिरली होती. आता प्रत्येक गाण्याच्या बटणांचा वरून फोटो काढून ठेवतो. शिवाय सेव्ह केलं नाही आणि डबा बंद झाला, तर केलेलं सगळं गेलं. काही न करता ४ तास ठेवला तर तो आपणहून बंद होतो, हेही लक्षात असू द्या.

मंडपवाल्या साउंडवाल्याबद्दल. त्याच्याकडे मोबाइलच्या जॅकपासून थेट मिक्सरच्या माइकच्या तोंडात जाणारी एक केबल असते. ती लावू देऊ नका. व्होल्का डावी-उजवीकडे एकच आवाज देतो आणि त्या केबलमधून तो एकमेकांना खातो. जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, मग तो म्हणतो तुमचा डबा खराब आहे. दोन फाटे फुटणारी केबल घरून न्या, एक फाटा लावा, दुसरा लोंबू द्या. पोटातला स्पीकर तालमीपुरताच आहे, मंडपात तो पोचणार नाही.

दोन्ही एकदम घ्यावेत का? माझं मत, आधी बीट्स. एक नवरात्र काढा, मग कीजचं बघा. माझ्या मुलीचं मत उलट आहे, तिला बीट्स हा टिनचा डबा वाटतो.

त्या अ‍ॅडॉप्टरच्या पोटावर एक बारीक चित्र असेल, मध्ये ठिपका, भोवती अर्धं कडं, दोन बाजूंना प्लस-मायनस. मधल्या ठिपक्याला काय जोडलंय त्याचा नीट उजेडात फोटो काढून इथे टाका. मी रात्री जेवणानंतर बघतो, तोवर कशालाही लावू नका.