दोनदा नापास झाले, सोडून देऊ का?

अ‍ॅक्चुअरीच्या, म्हणजे विमा कंपनीचा जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षा देणारी मुलं कधी ना कधी हा प्रश्न घेऊन येतातच. ही मुलगी सीएम-टू या पेपरात दोनदा अडकलेली. "सर, गणित माझं नव्हंच," म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) सोबत वडील होते, उद्यमनगरात गॅरेज असलेले. "पोरगी रात्र रात्र जागतीया, पर हाताला काय लागंना," एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले.

सोड किंवा सोडू नको, यातलं काहीच मी म्हटलं नाही. वही मागितली. थकीत विमा दाव्यांचा अंदाज, तोही महागाई धरून, अशी दहा-बारा गणितं होती. प्रत्येकाची सुरुवात सुबक आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला खाडाखोड. एके ठिकाणी तर खोडरबराने कागद पार विरला होता. मी संख्याशास्त्रातला, त्यामुळे चूक लगेच दिसली. सगळ्याच गणितांत ती एकाच पायरीवर होती.

"अण्णांच्या गॅरेजचं सांग," मी म्हटलं. "२०२३ साली अपघात झालेल्या गाडीचं थोडं काम त्याच वर्षी झालं, उरलेलं २०२४ ला. दुसरं बिल कुठल्या भावानं?"

"२०२४ च्या."

"मग ते पुन्हा वाढवायचं का?"

ती गप्प झाली.

तिथेच एक छोटं गणित मांडलं. २०२३ च्या अपघातांपोटी त्या वर्षी १०० लाख दिले, पुढच्या वर्षी ६६ लाख. २०२४ च्या अपघातांपोटी आतापर्यंत १२० लाख. मागची महागाई १० टक्के, पुढची ५, आणि दावे दोन वर्षांत मिटतात असं धरलं. ती आधी बेरीज करायची, १०० आणि १६६, आणि मग महागाई लावायची: ११० आणि १६६. पण १६६ मध्ये २०२३ च्या भावाचे १०० तसेच दडलेले राहतात. आधी वर्षावर्षाची रक्कम सुटी करायची. १०० चे ११०, आणि ६६ तसेच, कारण ते २०२४ चेच. मग बेरीज १७६ आणि गुणक, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रकमेची शेवटी किती पट होते ते, १७६ भागिले ११०, १.६. १२० चे १९२ होतात, म्हणजे द्यायचे उरले ७२. ते २०२५ मध्ये जाणार म्हणून ५ टक्के वाढवून ७५.६ लाख. तिच्या रीतीने उत्तर ६४.१ येत होतं. विमा कंपनीने एवढेच बाजूला ठेवले असते तर साडेअकरा लाख कमी पडले असते.

"म्हणजे मला येत होतं?"

"गुणाकार, गुणक, पुढची महागाई, सगळं बरोबर होतं. फक्त बेरीज आधी केलीस."

ती रडली, मी रडू दिलं. पुढच्या वेळी पास होशीलच, असं मी सांगितलं नाही. ते मला ठाऊक नव्हतं. बाकीच्या धड्यांतही चूक नेमकी कुठल्या ओळीवर होते तेवढं लाल पेनाने खूण करून महिन्याने ये, मग सोडायचं का ते बोलू, असं ठरलं.

दार उघडून तिने वडिलांना विचारलं, "अण्णा, तेवीस सालची बिलं ठेवलीत का?"