नॉनव्हेज सोडलंस, पण त्याच्या जागी काय आलं?

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एक जण म्हणतो मांस म्हणजे सिगारेटच, दुसरा म्हणतो मांस सोडलं की मसल झडतात, आणि तू दोघांच्या मधे, नॉनव्हेज बंद करून काही महिने झालेत, थकवा आहे, केस गळतायत, आणि मला विचारतेस की मावशी मी बरोबर केलं की चूक. निर्णय तू विचार करून घेतलायस हे मला माहितीये त्यामुळे शाबासकी देत बसत नाही. पण तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये मला एक गोष्ट सापडली नाही. काय सोडलंस ते सविस्तर लिहिलंयस, चिकन कधी, मासे कधी, अंडी कधी. त्याच्या जागी काय खायला लागलीस त्यावर एक ओळ नाही.

आणि सगळं तिथेच आहे गं. काय काढलं हा अर्धा प्रश्न आहे, त्याच्या जागी काय आलं हा उरलेला अर्धा, आणि मोठा अर्धा.

आधी ते सिगारेटचं संपवू. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, हॅम, बेकन, सलामी, कॅन्सरकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आणि रेड मीट, म्हणजे मटण, बीफ, पोर्क, त्याच्या खालच्या, 'बहुधा कॅन्सरकारक' गटात. पहिल्या गटात तंबाखूपण आहे, झालं, लोकांनी दोन्हीचा धोका सारखाच धरला. तो गट पुरावा किती पक्का आहे एवढंच सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज. म्हणजे समजा शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होणार असेल, तर ती संख्या सहाच्या आसपास जाते. हे दुर्लक्ष करण्याएवढं लहान नाही, पण सिगारेटच्या जवळपासही नाही. आणि साधं ताजं चिकन-मासे त्या यादीत नव्हतेच! तू सॉसेज आणि सलामी सोडलीस ते उत्तमच केलंस, त्याबद्दल मला वादच घालायचा नाही, त्यात मीठ, नाइट्राइट (मांस टिकवायला घालतात ते), सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यासारखी घट्ट होणारी चरबी) सगळं एकत्र येतं.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड नावाच्या अभ्यासात जवळपास ४८ हजार लोकांचा साधारण १८ वर्षं मागोवा घेतला, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. शाकाहारी लोकांमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी निघाला. शाकाहारवाले इथे थांबतात आणि टाळ्या वाजवतात. त्याच अभ्यासात स्ट्रोकचं प्रमाण शाकाहारींमध्ये २० टक्क्यांनी जास्त निघालं, मांसाहारवाले तेवढंच वाचून दाखवतात. हिशोब करून बघ, हजार लोकांमागे दहा वर्षांत हृदयविकाराच्या दहा केसेस कमी आणि स्ट्रोकच्या तीन जास्त. एकंदरीत फायदाच दिसतो, पण फुकट काहीच नाही. पुढच्याच वर्षी त्याच लोकांमधल्या वीगन, म्हणजे दूध-अंडीही न खाणाऱ्या, मंडळींची हाडं जास्त मोडतात असंही दिसलं, फ्रॅक्चरचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त, त्यातला काही भाग कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रोटीन यानं समजतो. कॅल्शियम आणि प्रोटीन! म्हणजे परत तेच, मांस आणि दूध गेलं आणि त्यांची जागा रिकामीच राहिली.

शिवाय अशा अभ्यासांतले शाकाहारी लोक बऱ्याचदा सिगारेट कमी ओढतात, दारू कमी पितात, व्यायाम जास्त करतात. संशोधक आकडेमोड करून हे वजा करायचा प्रयत्न करतात, पण सगळं वजा होत नाही, म्हणून कुणी तुला 'शाकाहारानं अमुक टक्के आयुष्य वाढतं' असं छातीठोकपणे सांगितलं तर फार मनावर घेऊ नकोस.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास अमेरिकेतला आहे, २०१७ चा, दोन लाखांहून जास्त आरोग्यक्षेत्रातल्या लोकांवरचा. त्यांनी नुसतं शाकाहारी का मांसाहारी असं बघितलं नाही, वनस्पतीजन्य खाणंच दोन भागात मोडलं. अख्खी धान्यं, भाज्या, फळं, डाळी, सुकामेवा ज्यांच्या खाण्यात जास्त त्यांच्यात हृदयविकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी. मैदा, साखर, गोड पेयं, बटाट्याचे प्रकार ज्यांच्या खाण्यात जास्त त्यांच्यात ३२ टक्क्यांनी जास्त. दोन्ही खाणं झाडांपासूनच आलेलं! चिप्स आणि कोल्ड्रिंक हेही शंभर टक्के शाकाहारी असतं, हे मी किती वर्षं सांगतेय, आणि लोक ऐकून मान डोलावतात आणि जाऊन बिस्किटं खातात.

रागावतेय असं वाटेल तुला. थोडी रागावतेच आहे, पण तुझ्यावर नाही.

माझा मोठा भाऊ. हृदयाचं दुखणं निघालं म्हणून त्यानं एका दिवसात मांस सोडलं, सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं, काय निग्रह म्हणून. मी तेव्हा नुकती रुग्णालयाच्या आहार विभागात लागले होते. त्याच्या ताटात मांसाच्या जागी पांढरा ब्रेड, चीज, गोडधोड आणि तळलेलं आलं, पुढे दूधही कमी झालं. मी बोलले होते त्याला, एकदा, हळू आवाजात, तो मोठा आणि मी धाकटी. तो म्हणाला आता तर मी शुद्ध खातोय. पुढे शुगर वाढली, आणि त्याच्यानंतर पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, सगळ्यांनी वयावर ढकललं. बी१२ तपासलं तेव्हा तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली, बरंच सुधारलं, पण पायातला बधिरपणा पूर्ण गेला नाही, मज्जातंतू फार दिवस उपाशी राहिले की सगळं परत येतंच असं नाही. एकदाच बोलून गप्प बसायची ती सवय मी त्यानंतर मोडली. आता मी दहादा सांगते, समोरचा कंटाळला तरी सांगते, त्याला कुणी हेकटपणा म्हणो.

म्हणून तुला बी१२ बद्दल स्पष्ट सांगते. ते वनस्पतीत भरवशाचं मिळत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मिळतं मांस, मासे, अंडी, दूध यातून, नाहीतर फोर्टिफाइड, म्हणजे वरून बी१२ घातलेल्या, पदार्थातून किंवा गोळीतून. लिव्हरमध्ये त्याचा काही वर्षांचा साठा असतो त्यामुळे सोडल्यासोडल्या काही कळत नाही, आणि हीच त्यातली फसवणूक आहे. तू अंडीपण सोडलीस, दूध घेतेस का ते लिहिलं नाहीस. दोन्ही नसेल तर गोळी घ्यायलाच लागेल, आयुष्यभर, त्यात कमीपणा काही नाही. 'नैसर्गिक आहारात गोळी कशाला' असं तुला ज्यानं सांगितलं त्याच्या पायाला मुंग्या येतील तेव्हा तो तुला फोन करून सांगणार नाहीये.

लोहाचं थोडं वेगळं आहे. भाज्या-डाळींमध्ये लोह असतं पण मांसातल्या लोहाएवढं सहज शरीरात शिरत नाही. पाळी येणाऱ्या मुलींना आधीच जास्त लागतं. त्याच जेवणात लिंबू, टोमॅटो, पेरू असं सी व्हिटॅमिनचं काही घेतलं तर शोषण वाढतं, आणि जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर कमी होतं, त्यामुळे चहा तासभर लांब ठेव.

प्रोटीनवरून मात्र उगाच घाबरवलंय तुला. वजनाच्या दर किलोला साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या मुलीला ४४ ग्रॅमच्या आसपास, जिम करत असशील तर त्याहून जास्त. डाळी, कडधान्यं, सोयाबीन, दाणे, दूध-दही यातून ते आरामात होतं, फक्त ते खायला लागतात, ताटात कोपऱ्यात चमचाभर वाढून होत नाही.

मला दोन्हीकडचे लोक बोलतात, शाकाहारी म्हणतात तू मांसाची बाजू घेतेस, मांसाहारी म्हणतात ही आमचं खाणं काढायला निघालीय. मी कुणाचीच बाजू घेत नाही. कुणी आठवड्याला शिजवलेलं रेड मीट ३५०-५०० ग्रॅमच्या आत ठेवलं, प्रोसेस्ड जवळपास बंद केलं आणि बाकी ताट भाज्या-डाळींनी भरलं, तर त्याची तब्येत मैद्यावर जगणाऱ्या शाकाहाऱ्यापेक्षा चांगली राहायची शक्यता जास्त, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. सॅच्युरेटेड फॅट काढून त्या जागी मैदा-साखर आणली तर हृदयाला काही मिळत नाही, तेलबिया, सुकामेवा, चांगली तेलं आणली तर मिळतं, हे मी म्हणते म्हणून नाही, वर्षानुवर्षांच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा हेच निघालंय. मी नुसती घोकत राहते कारण कुणीतरी घोकायला हवं.

तुला प्राण्यांचं वाईट वाटतं म्हणून सोडायचं असेल तर तेवढं कारण पुरेसं आहे, त्याला तब्येतीचा टेकू देऊ नकोस. आणि तब्येतीसाठी सोडायचं असेल तर सोडणं पुरत नाही. परत मांस खायला लाग असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाच. शाकाहारी राहून तू उत्तम तब्येत ठेवू शकतेस.

आता चार दिवस फक्त लिहून काढ, सकाळपासून रात्रीपर्यंत जे पोटात जातं ते, बिस्किटासकट, लपवू नकोस. थकवा आणि केस गळण्याला थायरॉइडपासून झोपेपर्यंत दुसरी कारणंही असू शकतात म्हणून डॉक्टरकडे जाच, सगळं आहारावर ढकलून घरी बसू नकोस. तिथे नुसतं हिमोग्लोबिन करून परत येऊ नकोस, ते ठीक दिसत असतानाही आतला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. फेरिटिन (त्यातूनच तो साठा कळतो) आणि बी१२ दोन्ही कर. आणि गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त दे, नंतर नको, नाहीतर रिपोर्ट चांगला दिसेल आणि आधी काय होतं ते कळणारच नाही. रिपोर्ट आणि ते लिहिलेलं, दोन्ही एकदमच पाठव.

तुझी मावशी