इस्तंबूलला निघालेल्या पोरीला

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझी यादी मिळाली. सतरा प्रश्न, त्यांतले नऊ खाण्याचे. ते तुझ्या आईने घुसडले असणार, म्हणून त्यांची उत्तरं शेवटाकडे ठेवते. तुझ्या क्रमाने काही मी जाणार नाही.

राहायला युरोपची बाजू बरी की आशियाची, असं तू विचारलंस. २०११ साली मीही सगळ्यांना हेच विचारत सुटले होते. आपल्या इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलेली मी, मेर्तेरमधल्या एका कापडवाल्याकडे सूत तपासायला गेले आणि बारा वर्षं राहिले. हा प्रश्न नकाशा बघून पडतो, तिथे राहायला लागलं की पडेनासा होतो. मधली बोस्फोरसची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर आहे. २०१३ पासून समुद्राखालून मार्माराय रेल्वे धावते, ती उस्कुदारहून युरोपातल्या सिर्केजीला चारेक मिनिटांत पोचवते. एवढ्याशा पाण्याने माणसं वेगळी होत नाहीत. उस्कुदार आणि कादिकोय दोन्ही आशियातच. एका ठिकाणी बोटीतून उतरलं की समोर मशीद, आणि संध्याकाळी काठावर चहा पीत बसलेली कुटुंबं. दुसऱ्या ठिकाणी बिअरची दुकानं आणि गिटार वाजवणारी पोरं. पलीकडे युरोपात फातिहच्या चार्शांबा भागात बायका नखशिखांत काळ्या वस्त्रात दिसतील. तिथून अर्ध्या तासावर जिहांगीरमध्ये एखादी आजी हातात सिगारेट घेऊन कुत्रा फिरवत असेल. तेव्हा खंड विसर, मोहल्ला बघ. आणि ‘पूर्व-पश्चिमेला जोडणारा पूल’ हे वाक्य घरच्या पत्रात लिहू नकोस. मी लिहिलं होतं. अजून लाज वाटते.

खरी रेघ कुठून जाते सांगू? जिन्यातून.

मी कुर्तुलुशमध्ये राहायचे. चढावरची पाच मजली, जुनी, रंग उडालेली इमारत. तळमजल्यावर कापजी, म्हणजे इमारतीची राखण करणारा आणि सकाळी दारोदार पाव पोचवणारा. तो कुर्दी, सियिर्तकडचा. पहिल्या मजल्यावर एक आर्मेनियन आजी. दुसऱ्यावर निवृत्त मास्तर, दिवाणखान्यात आधुनिक तुर्कस्तान घडवणाऱ्या अतातुर्कचा भला मोठा फोटो. तिसऱ्यावर मी. चौथ्यावर डोक्याला रुमाल बांधणारी एक तरुण इंजिनिअर. पहिल्याच महिन्यात मी मनातल्या मनात सगळ्यांना खणांत घालून मोकळी झाले : मास्तर आधुनिक, ही मुलगी सोवळी. रमजान आला. मी मास्तरांना दुपारी चहाला बोलावलं, कारण रोज संध्याकाळी ते राकी या तिथल्या दारूचा पेला घेऊन खिडकीत बसलेले मला दिसत. ते म्हणाले, “रोजा आहे.” महिनाभर बाटलीला हात लावला नाही. आपल्याकडे गटारी झाली की श्रावण पाळतात, तसंच, फक्त मला ते ओळखता आलं नाही. आणि चौथ्या मजल्यावरच्या मुलीच्या घरी मी दिवसा पाणीसुद्धा मागत नव्हते, तर तिची औषधं चालू होती. ती स्वयंपाकघराचा पडदा ओढून एकटीच जेवायची. समोरच्या खिडकीतून कुणी बघून बोलू नये म्हणून.

त्याच मुलीने एकदा सांगितलं की तिची थोरली बहीण विद्यापीठात जाताना डोक्यावर विग घालायची. रुमालाला मनाई होती ना! विद्यापीठांतली ती मनाई २०१० च्या सुमारास सैल झाली, सरकारी नोकरीतली २०१३ मध्ये. आपण ज्याला धर्मनिरपेक्ष म्हणतो ते तिथे वेगळ्या रीतीचं आहे. धर्म सरकारपासून लांब ठेवलेला नाही, सरकारच्या हाताखाली ठेवला आहे. मशिदीतला इमाम पगारी सरकारी नोकर असतो, त्यांचं खातं १९२४ पासून आहे. हे आधी माहीत असतं तर रुमालाबद्दलची माझी चार मूर्ख वाक्यं टळली असती.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं : मतं बनवायला घाई करू नकोस, आधी वाक्यं पाठ कर. तुर्कीत प्रसंगाप्रसंगाची वाक्यं ठरलेली आहेत आणि ती न बोलणारा माणूस तुटक वाटतो. कुणी काम करताना दिसला, मग तो झाडूवाला असो, दुकानदार असो की बँकेतला कारकून, त्याच्याजवळून जाताना ‘कोलाय गेल्सिन’ म्हणायचं, म्हणजे सोपं जावो. आपण बांधावरून जाता जाता “काय, चाललंय का?” म्हणतो, तेवढंच ते. आजाऱ्याला ‘गेच्मिश ओल्सुन’, होऊन गेलेलं असो. पाकीट हरवलेल्यालाही तेच आणि परीक्षेत नापास झालेल्यालाही तेच. स्वयंपाक करणारीला ‘एलिनिझे साऽलक’, तुमच्या हातांना आरोग्य लाभो. केस कापून आलेल्यालासुद्धा म्हणायचं वाक्य आहे! मला आधी हे सगळं पोपटपंची वाटायचं. पण आमच्या जिन्यात मास्तर आणि कापजी यांचं राजकारणात एका शब्दावर जुळलं नसतं, आणि तरी दहा वर्षं रोज सकाळी पावाची पिशवी घेताना मास्तर कोलाय गेल्सिन म्हणत राहिले.

नाती लावायला तुला शिकवावं लागणार नाही. ‘तेयझे’ म्हणजे नेमकी मावशी, आईची बहीण, आणि अनोळखी वयस्क बाईलाही तेच म्हणतात. ‘आम्जा’ म्हणजे काका, ‘आबी’ दादा, ‘आब्ला’ ताई. तू मला सख्खी नसून मावशी म्हणतेस, तिथे गल्लीभर अशाच मावश्या भेटतील. फक्त चाळिशीतल्या बाईला तेयझे म्हणू नकोस, आब्ला म्हण. कारण तुला ठाऊक आहेच. विद्यापीठात सगळ्या शिक्षकांना ‘होजाम’, आडनावाच्या भानगडीत पडायचं नाही.

शब्द ओळखीचे वाटतील आणि तिथेच फसशील. साबण, दुकान, हवा, बदाम, पडदा, हिशेब थोड्याफार फरकाने तेच. पण ‘मिसाफिर’ म्हणजे प्रवासी नव्हे, पाहुणा. ‘तारिह’ म्हणजे तारीख आणि इतिहासही. ‘हाफ्ता’ म्हणजे आठवडा. घरमालक हाफ्त्याबद्दल बोलायला लागला तेव्हा मी पैसे मोजायला घेतले होते. किराणावाला तो ‘बक्काल’, आपल्या जुन्या मराठीतल्या वाणी-बकालांमधला. आणि नकार तोंडाने येईलच असं नाही. भुवया वर, मान किंचित मागे, जिभेचा ‘च्च’ असा आवाज, म्हणजे नाही. आपल्याला वाटतं समोरचा “काय?” असं विचारतोय किंवा हळहळतोय, आणि आपण पुन्हा पुन्हा तेच विचारत राहतो.

‘मेम्लेकेत नेरेसी?’ हा प्रश्न दिवसातून तीनदा येईल. गाव कुठलं? हा परक्याला हिणवायचा प्रश्न नव्हे, ते एकमेकांनाही हेच विचारतात. दीड कोटीहून जास्त वस्तीचं शहर, पण इस्तंबूलमध्ये जन्मलेला चाळीस वर्षांचा माणूसही सिवास, कास्तामोनू, गिरेसुन अशी वडिलांच्या गावाची नावं सांगतो. गिरणगावातला चाकरमानी जन्मभर मुंबईत राहून कणकवलीचा असायचा, तसंच. १९५० नंतर तुर्कस्तानच्या आशियाई भागातून, अनातोलियातून, लोंढे आले, रातोरात घरं उभी राहिली, आणि त्या घरांचं नावच पडलं गेजेकोंदू, रात्रीत ठेवलेलं. गावागावांची मंडळं अजून आहेत. रस्त्यावर भात भरलेल्या शिंपल्या विकणारे बहुतेक मार्दिनकडचे असतात, आणि मार्दिनला समुद्र नाही! तेव्हा कुणी विचारलं तर नुसतं हिंदुस्थान सांगून थांबू नकोस. इचलकरंजी सांग, माग सांग, पंचगंगा सांग. माणूस तिथे बोलायला लागतो.

पण सगळ्यांना हा प्रश्न सोपा नसतो. कुर्तुलुशचं जुनं नाव तातावला. ग्रीकांची वस्ती होती, १९२९ च्या आगीनंतर नाव बदललं. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या दारावर तुर्की नावाची पाटी होती, बाजारातही त्या तेच नाव सांगत. खरं आर्मेनियन नाव मला सातव्या वर्षी कळलं, तेही त्यांनी ईस्टरचा गोड पाव कापता कापता सहज सांगितलं म्हणून. मी काही बोलले नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शिशलीत, फुटपाथवर एक पाटी बसवलेली आहे. आर्मेनियन पत्रकार ह्रान्त दिंक यांना १९ जानेवारी २००७ ला तिथे, त्यांच्या ‘आगोस’ वर्तमानपत्राच्या दारात गोळ्या घातल्या. दर वर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. तू जाऊन पाटी बघ. जेवणाच्या टेबलावर विषय मात्र तू काढू नकोस, कुणी काढला तर ऐक. आर्मेनियन, कुर्दी, अतातुर्क, आताचं सरकार, यांबद्दल फोनवर लिहितानाही जपून. अतातुर्कच्या स्मृतीचा अवमान हा तिथे १९५१ पासून गुन्हा आहे.

१० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी भोंगा होईल. अतातुर्क १९३८ मध्ये त्या क्षणी गेले. गाड्या हमरस्त्यात थांबतात, माणसं दार उघडून बाहेर उभी राहतात. तूही थांब. पहिल्या वर्षी मी रस्ता मोकळा दिसला म्हणून पलीकडे पळाले होते. भोंगा संपल्यावर एक आम्जा नुसते माझ्याकडे बघत राहिले.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. जुन्या मशिदींच्या आवारात, कबरस्तानांत सुंदर कोरलेले शिलालेख दिसतील, आणि शेजारचा तुर्की माणूस ते वाचू शकणार नाही. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन आली, पणजोबांच्या कबरीवरचं नाव पणतवाला परकं झालं. मला वाईट वाटायला लागलं होतं त्यांचं, मग आठवलं की आमच्या माळ्यावर मोडीतले कागद पडून आहेत आणि ते वाचणारं घरात कुणी नाही.

आता व्यवहार. घर बघताना भाड्याच्या आधी इमारतीचं साल विचार. १७ ऑगस्ट १९९९ ला पहाटे ३ वाजता इझमितचा भूकंप झाला, १७ हजारांवर माणसं गेली. बांधकामाचे नियम त्यानंतर कडक झाले, म्हणून नंतरची इमारत बरी. किल्लारी आठवणाऱ्या तुझ्या आज्जीला हे वेगळं समजावून सांगायला नको. दाराशी पिशवी भरून ठेव : पाणी, बॅटरी, शिट्टी, पासपोर्टची प्रत. परदेशी लोकांचं प्रमाण वाढलेल्या कित्येक मोहल्ल्यांत २०२२ मध्ये नव्या परदेशी माणसाची त्या पत्त्यावर नोंद करणं बंद केलं होतं. ते तपासल्याशिवाय अनामत देऊ नकोस, घराची बोलणी करून देणारा माणूस हे आपणहून सांगत नाही. शिष्यवृत्ती लिरात आहे म्हणालीस. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानेच महागाई वर्षाला ८५ टक्क्यांवर गेली होती. हॉटेलवाले भावाच्या पाटीवर चिकटपट्ट्या लावून थकले, शेवटी खडूने लिहायला लागले. तेव्हा लिरात साठवू नकोस.

फिरायला वापुर, म्हणजे बोट. मार्माराय लवकर नेते, पण तिथे सगळे फोनमध्ये मान घालून असतात. कादिकोय ते एमिनोनू वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बाहेरच्या बाकावर बसून इवल्याशा पेल्यात चहा घे आणि शेजारचे लोक बघ. दोल्मुश म्हणजे आपलं वडाप. शब्दाचा अर्थच भरलेलं, भरल्याशिवाय सुटत नाही. पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, हातोहात चालकाकडे जातात आणि सुट्टे तसेच परत येतात. बारा वर्षांत एक नाणं मध्ये गळालं नाही.

आता आईचे नऊ. तू मांस खात नाहीस, तेव्हा “यात मटण आहे का?” एवढंच विचारून भागत नाही. ‘एत’ म्हणजे लाल मांस, त्यामुळे “नाही” म्हणून कोंबडी वाढतात. दोन्ही नावं घेऊन विचार. मसुराचं सूप हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. ‘एस्नाफ लोकांतासी’ शोध, दुकानदारांची खाणावळ. समोर पातेली मांडलेली असतात, बोट दाखवून घ्यायचं. ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या बिनमांसाच्या असतात. कुर्तुलुशला गेलीस तर ‘तोपिक’ खा, हरभऱ्याच्या पारीत कांदा, मनुका, दालचिनीचं सारण. आर्मेनियन लोकांच्या उपासाचा पदार्थ आहे, आईला निर्धास्त सांग. चहात दूध मागू नकोस. पेले भरतच राहतात, पुरे झाला की चमचा पेल्यावर आडवा ठेव. पावाचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लाव आणि उंचावर ठेव, तिथे सगळे तसं करतात. शेजारून मोहर्रममध्ये ‘आशुरे’ची वाटी येईल, गहू, हरभरे, सुकामेवा घातलेली खीर. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे तुला माहीतच आहे. मी शेंगदाण्याचे लाडू घालायचे. घरात शिरताना बूट बाहेर, पण आपल्यासारखं अनवाणी चालू नकोस. घरातली तेयझे सपाता पुढे करील, त्या घाल, नाहीतर तुला सर्दी होईल या काळजीने तेयझेचं जेवणात लक्ष लागणार नाही.

एक काम कर माझं. आमच्या इमारतीखालच्या बक्कालकडे उधारीची वही असते. त्यात माझं नाव ‘हिंदिस्तानली आब्ला’ असं लिहिलेलं आहे. २०२३ मध्ये निघायच्या गडबडीत दोन पाव आणि एक काडेपेटी तशीच राहिली. आज त्याचे किती लिरा होतात ते त्यालाच लावू दे, घासाघीस करू नकोस. आत शिरल्यावर आधी कोलाय गेल्सिन म्हण, मग वही काढायला सांग.

तुझी,
मावशी